बारा हजारांत घरचा कराओके : लातूरच्या एका हॉलमधील संचाचे परीक्षण

घरी कराओके, म्हणजे तयार संगीतावर माइकमधून स्वतः गाण्याची सोय, बसवायचा असेल तर पहिला खर्च माइकवर करावा, दुसरा मिक्सरवर (माइकचा आणि संगीताचा आवाज एकत्र करून स्पीकरला देणाऱ्या यंत्रावर) करावा आणि उरलेल्या पैशांत स्पीकर पाहावा, हे माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. बाजारात मात्र नेमके उलटे घडते. दुकानात शिरताच डोळ्यांत भरतो तो चाकांवर उभा असलेला, रंगीत दिवे लुकलुकणारा उंच स्पीकर. त्याच्यासोबत दोन माइक मिळतात आणि ते हातात घेऊन पाहण्याआधीच व्यवहार पुरा होतो. मी आमच्या लातूरच्या घरी बारा हजार रुपयांच्या आत जो संच जमवला, त्यात स्पीकर दिसायला अगदी साधे आहेत. परंतु गाणाऱ्याचा आवाज जसा आहे तसा, वेळेवर आणि स्पष्ट ऐकू येतो. कराओकेत याहून महत्त्वाचे काही नाही, असे मला वाटते.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातील शहरांतून कराओकेवर गाणाऱ्यांचे गट चांगलेच वाढले आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, डॉक्टर, गृहिणी अशी मंडळी एकत्र येऊन सभागृह भाड्याने घेतात आणि संध्याकाळभर गातात. ज्यांनी आयुष्यभर फक्त स्वयंपाकघरात किंवा स्कूटरवर गुणगुणले, त्यांना माइकसमोर उभे राहून पूर्ण गाणे म्हणता येते, हा आनंद मी फार मोठा मानतो. मात्र अशा कार्यक्रमाची तयारी मोबाइलवर ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेले गाण्याचे संगीत) लावून, माइकशिवाय मोकळ्या आवाजात केली की मंचावर गोंधळ उडतो, कारण माइकमधून येणारा स्वतःचा आवाज ऐकत ऐकत गाण्याची सवयच झालेली नसते. ओठांपासून माइक किती दूर धरायचा, वरच्या सुरांवर तो किती मागे न्यायचा, श्वासाचा आवाज कसा टाळायचा, हे माइकवर गायल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी घरी संच असावा, आणि तो परवडणारा असावा.

मुळात हे यंत्र फार गुंतागुंतीचे नाही. जपानमधील कोबे येथे दाइसुके इनोए यांनी १९७१ मध्ये जे यंत्र बनवून भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यात टेप वाजवण्याची सोय, आवाज मोठा करणारे मशीन, माइक आणि नाणे टाकण्याची पेटी एवढाच सरंजाम होता. टेपची जागा आज टीव्हीने किंवा मोबाइलने घेतली आहे, आणि टीव्ही बहुतेक घरांत आधीपासून आहे. म्हणून गाण्याच्या बोलांसाठी वेगळा पडदा असलेले यंत्र विकत घेणे मला अनावश्यक वाटते.

खरी अडचण आवाजाला होणाऱ्या उशिराची आहे आणि हा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण दुकानदार तो क्वचितच सांगतात. ब्लूटूथवरून ध्वनी पाठवताना तो आधी आकड्यांत बदलला जातो, दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उलगडला जातो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. हवेतून ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे जवळपास ६८ मीटर लांब टांगलेल्या भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकत गाण्यासारखे आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, तेव्हा एवढ्या उशिराने आपला शब्द मात्रेच्या मधोमध कुठेतरी कानावर पडतो आणि चांगला गाणाराही अडखळतो. गाणाऱ्याला वाटते आपली लय कच्ची आहे, आणि तो हिरमुसून माइक खाली ठेवतो. दोष त्याचा नसतो.

परंतु ब्लूटूथ सरसकट वाईट आहे असेही नाही, आणि येथे बरेच जण घाईने निष्कर्ष काढतात. मोबाइलवरून ट्रॅक ब्लूटूथने मिक्सरमध्ये आला आणि माइक तारेने त्याच मिक्सरला जोडलेला असला, तर काहीही बिघडत नाही. ट्रॅक थोडा उशिरा सुरू होतो, एवढेच. गाणारा जो ट्रॅक ऐकतो त्याच्याच बरोबर गातो आणि त्याचा आवाज लगेच स्पीकरमधून बाहेर येतो. बिघडते ते आवाज मिक्सरमधून पुढे स्पीकरकडे ब्लूटूथने पाठवला तेव्हा. म्हणजे ट्रॅक कोणत्याही मार्गाने येऊ द्यावा, परंतु माइकपासून स्पीकरपर्यंतचा गळ्याचा मार्ग अखंड तारेचाच असावा. घरात आधीच एखादा उत्तम ब्लूटूथ स्पीकर असेल आणि त्याला तार जोडण्याची सोय असेल तर तो वापरता येतो. नसेल तर तो या कामासाठी सोडून द्यावा.

टीव्हीच्या बाबतीतही जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. माइकचा आवाज टीव्हीत घालून मग टीव्हीतून साउंडबारकडे नेला तर टीव्हीच्या आतील प्रक्रियेमुळे पुन्हा उशीर होतो. त्याऐवजी टीव्हीतून ट्रॅकचा आवाज बाहेर काढून मिक्सरमध्ये आणावा आणि मिक्सरमधून थेट स्पीकरला द्यावा. जुन्या टीव्हीला हेडफोनचे भोक असते, तेथून साधी तार पुरते. नव्या टीव्हींना बहुधा ऑप्टिकल (प्रकाशाच्या रूपात डिजिटल आवाज देणारी) जागा असते आणि तेथे तो आवाज साध्या तारेत आणणारा, काही शे रुपयांचा एक छोटा कनव्हर्टर लावावा लागतो. तो लावल्यावर आवाजच आला नाही तर कनव्हर्टर बिघडला असे लगेच समजू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजाचा प्रकार ‘पीसीएम’ (दाबून लहान न केलेला साधा डिजिटल आवाज) करावा लागतो, कारण स्वस्त कनव्हर्टरला डॉल्बी स्वरूपातील आवाज उलगडता येत नाही.

आता तयार संचांविषयी. चाकांवरच्या ट्रॉली स्पीकरमध्ये माइकचा आवाज आतल्या आतच मशीनला जात असल्याने उशिराचा प्रश्न सहसा येत नाही, आणि अंगभूत बॅटरीमुळे वीज गेल्यावरही गाणे थांबत नाही; मराठवाड्यात हा गुण दुर्लक्षिण्यासारखा नाही. वाढदिवसाला मुले नाचणार असतील, गच्चीवर दहा-पंधरा माणसे जमणार असतील, तर तो अवश्य घ्यावा. परंतु आमच्या एका नातेवाइकांकडील असा स्पीकर मी नीट ऐकला तेव्हा त्याचे दोष स्पष्ट दिसले. ढोलकीचा घुमारा एवढा की गाण्याचे शब्द त्यात बुडून जात होते, दोन्ही माइकचा आवाज एकाच बटणाने कमी-जास्त होत होता आणि एको (गळ्याच्या आवाजाला दिलेला कृत्रिम प्रतिध्वनी) पूर्ण बंद करण्याची सोयच नव्हती. सोबतचे बिनतारी माइक हलके, पोकळ वाटणारे होते आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे त्यांतून कर्कश येत होती. हातात धरायचा, स्पीकर आतच असलेला ब्लूटूथ माइक मी लहान मुलांचे खेळणे म्हणून ठीक मानतो; त्याच्यावर गाण्याचा सराव करू नये.

एक जुनी वस्तू मात्र घरात शोधून पाहावी. साधारण वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक डीव्हीडी प्लेअरना आणि होम थिएटरना पुढच्या बाजूला माइकसाठी जाड पिनेची भोके असत. माळ्यावर पडलेला असा संच सुरू होत असेल तर एक चांगला माइक आणून लावावा. एको जेमतेम असेल, पण दोन हजारांच्या आत गाणे सुरू होते, आणि पुढे खरोखर किती गायले जाते हे पाहून बाकीची खरेदी करता येते.

माइकच्या खरेदीसाठी मी मोठ्या झगमगीत दालनात न जाता गंजगोलाई या लातूरच्या बाजारपेठेच्या परिसरातील, मंडपवाल्यांना आणि साउंडवाल्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानात गेलो, आणि हाच सल्ला मी इतरांनाही देईन. अशा दुकानात माइक लावून ऐकू देतात. दुकानदाराने दोन माइक पुढे ठेवले आणि म्हणाला, “सर, एकच ओळ दोन्हींवर म्हणा, मग ठरवा. खोक्यावरचं वाचून काही कळणार नाही.” त्याचे म्हणणे अगदी रास्त होते. शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त असलेल्या माइकवर माझा खर्जाचा आवाज नुसताच घुमत होता. दुसऱ्यावर शब्दांच्या कडा ऐकू आल्या.

घरासाठी तारेचा डायनॅमिक माइक घ्यावा. कंडेन्सर माइक अधिक नाजूक तपशील टिपतो हे खरे, पण तो पंखा, रस्त्यावरचा हॉर्न आणि स्वयंपाकघरातील वाटणाच्या मिक्सरची घरघरही तितक्याच तत्परतेने टिपतो, आणि त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरमधून माइकच्या तारेतूनच मिळणारी वीज) लागतो. डायनॅमिक माइक दणकट असतो, समोरचा आवाज अधिक घेतो आणि मागचा कमी. शूर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक जगभरच्या मंचांवर याच गुणांमुळे टिकून आहे, परंतु आपल्या अंदाजपत्रकात तो बसत नाही. मी अहुजाचे दोन माइक घेतले. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची आहे आणि हरिपाठापासून लग्नाच्या मांडवापर्यंत तिचे माइक आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दोन्ही माइक तारांसह तीन हजारांच्या आसपास पडले. आवाज थोडा मधल्या पट्टीकडे झुकलेला आहे, अगदी वरची झळाळी त्यात नाही. परंतु मराठी भावगीतासाठी किंवा अभंगासाठी शब्द स्वच्छ येणे जास्त गरजेचे असते आणि तेथे हे माइक कमी पडत नाहीत. धातूची जाळी भक्कम आहे आणि चालू-बंद करण्याचे बटण आहे, जे लहान मुलांच्या घरात फार उपयोगी पडते.

तार निवडताना तीन पायांची एक्सएलआर जोडणी दोन्ही टोकांना असलेली घ्यावी. स्वस्त माइकला कायमची चिकटवलेली बारीक तार आणि टोकाला जाड पिन असते. अशी तार लांब झाली की आसपासच्या विजेच्या तारांची घरघर ओढून घेते आणि वर्षभरात पिनेजवळ तुटते. एक्सएलआर तार काढून बदलता येते. बिनतारी माइकच घ्यायचा असेल तर यूएचएफ (रेडिओ लहरींवर चालणाऱ्या) प्रकारचा घ्यावा. त्यात ब्लूटूथसारखा उशीर नसतो. पण कमी किमतीच्या बिनतारी संचात बराचसा पैसा रेडिओवर खर्च झालेला असतो आणि प्रत्यक्ष आवाज टिपणारा भाग हलका असतो, शिवाय सेल बदलण्याचा खर्च सुरूच राहतो. त्याच पैशांत तारेचा माइक निःसंशय चांगला येतो.

मिक्सर घेताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. अगदी लहान मिक्सरांमध्ये माइकची जागा एकच असते आणि एको नसतो. उदाहरणार्थ बेहरिंगरचा झेनिक्स ५०२ हा एका माइकचा आहे. घरात युगुलगीते गायली जाणार असतील तर माइकच्या दोन जागा आणि अंगभूत एको-रिव्हर्ब (रिव्हर्ब म्हणजे मोठ्या सभागृहासारखी आवाजाची रेंगाळ) असलेला मिक्सर हवा. यामाहाचा एमजी०६एक्स या अपेक्षा नेमक्या पूर्ण करतो आणि त्याचा रिव्हर्ब ऐकायला सुरेख आहे, परंतु केवळ त्याच्यावरच आपल्या बारा हजारांतील फार मोठा वाटा जातो. मी चार हजारांच्या आसपासचा चार जागांचा, ब्लूटूथची सोय असलेला साधा मिक्सर घेतला. त्याचा एको काहीसा ढोबळ आहे आणि बटणे सैल वाटतात. तरीही प्रत्येक माइकचा आवाज, बास (खालचे स्वर) आणि ट्रेबल (वरचे स्वर) स्वतंत्रपणे ठरवता येतात, आणि हीच सोय ट्रॉली स्पीकरमध्ये मला मिळाली नव्हती. पत्नीचा आवाज बारीक आहे, माझा जाड. दोघांसाठी वेगवेगळी मांडणी करून ठेवता येते, तेव्हा गाणे एकसंध वाटते.

बटणे लावण्याची पद्धत सोपी आहे, पण ती पाळली पाहिजे. माइकमध्ये आपल्या सर्वांत मोठ्या आवाजात एक ओळ म्हणावी आणि गेन (माइकचा आवाज मिक्सरने किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारे बटण) हळूहळू वाढवावा. लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे आणावा. बास किंचित कमी करावा, कारण माइक ओठांजवळ धरला की खालचे स्वर आपोआप फुगतात. एको सर्वांत शेवटी द्यावा, आणि तो वेगळा ऐकू येऊ लागण्याच्या आधीच थांबवावा. जास्त एको दिला की आवाज भरदार झाल्यासारखा वाटतो खरा, पण पुढचा शब्द मागच्या शब्दावर चढतो, मुरकी पुसली जाते आणि आपण सुरात आहोत की नाही हे आपल्यालाच कळेनासे होते. सरावाच्या वेळी मी एको पूर्ण बंद ठेवतो आणि पाहुण्यांसमोर गाताना थोडा देतो.

स्पीकरच्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेले हजारो वॅटचे आकडे विचारातच घेऊ नयेत. त्यांना कोणताही नक्की आधार नसतो. ‘आरएमएस’ (स्पीकर सतत पेलू शकतो ती शक्ती) वॅट पाहावेत, आणि बारा बाय पंधरा फुटांच्या हॉलला वीस ते तीस वॅटची जोडी भरपूर होते. संगणकासाठीच्या टू पॉइंट वन संचात ठोकळ्याएवढे दोन लहान स्पीकर आणि एक मोठा बासचा डबा असतो. माणसाच्या गळ्याचा मुख्य भाग या दोहोंच्या मधल्या पट्टीत पडतो आणि तेथे हे संच पोकळ लागतात. त्यापेक्षा चार-पाच इंची वूफर (खालच्या आणि मधल्या स्वरांचा) आणि वेगळा ट्वीटर (वरच्या स्वरांचा) असलेली लाकडी पेटीची साधी जोडी कितीतरी बरी. मी अशी वापरलेली जोडी चार हजारांत घेतली. घेण्याआधी बातम्या लावून ऐकल्या, कारण निवेदकाचा आवाज नैसर्गिक वाटला तर गाणाऱ्याचाही वाटतो. तारा, पिना आणि कनव्हर्टर मिळून हजाराच्या आत काम भागले.

एवढे करूनही पहिल्या दिवशी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येऊ शकतो, आणि त्याचे कारण खोली असते. आमच्याकडे आता सिमेंटच्या स्लॅबची घरे आहेत. खाली शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंनी प्लास्टर, आणि हॉलमध्ये सामान कमी. टाळी वाजवली तर तिचा झणझणाट मागे रेंगाळतो. तोच झणझणाट गाण्यातही मिसळतो. गावाकडच्या माळवदाच्या घरात, जाड मातीच्या भिंतींत आणि लाकडी सरांच्या छताखाली, भजनाचा आवाज किती मऊ आणि जवळचा वाटतो हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना फरक लगेच समजेल. स्लॅबच्या घरात त्यावर स्वस्त उपाय म्हणजे कापूस. गाणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी किंवा वाकळ टांगावी, खाली सतरंजी अंथरावी, खिडक्यांना जाड पडदे सोडावेत आणि कोपऱ्यात कापसाच्या गाद्यांची चळत ठेवावी. वरच्या स्वरांची झणझण यामुळे स्पष्टपणे कमी होते. बासचा घुमारा मात्र गोधडीने जात नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर ओढावे लागतात. भिंतीला फोमचे तुकडे चिकटवण्याआधी हे सगळे करून पाहावे, कारण त्याला एक पैसाही लागत नाही.

उन्हाळ्यात कूलरचा प्रश्न येतो. एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय हॉलमध्ये बसणे शक्य नसते आणि त्याची घरघर सतत माइकमध्ये शिरते. माइकची पाठ कूलरकडे येईल अशा रीतीने गाणाऱ्याने उभे राहावे, म्हणजे डायनॅमिक माइक ती बरीचशी सोडून देतो. कूलरचा झोत थेट जाळीवर आला तर स्पीकरमधून फडफड ऐकू येते, म्हणून झोताच्या बाजूला उभे राहावे. आम्ही गाणे सुरू होताना पंप चालू ठेवून पंख्याचा वेग कमी करतो.

माइकमधून एकाएकी उठणारी शिट्टी हा घरोघरचा त्रास आहे. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये जातो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि ही फेरी वाढतच जाते, म्हणून ती शिट्टी वाजते. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत आणि गाणाऱ्याने त्यांच्या मागे थांबावे. माइकची जाळी मुठीत धरू नये. दिसायला ते रुबाबदार वाटते, पण जाळी झाकली की माइक चारही बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टी लवकर येते. माइक ओठांपासून दोन बोटांवर धरला तर गेन कमी ठेवता येतो आणि निम्मा त्रास तेथेच संपतो.

विजेचा भाग थोडक्यात, पण गांभीर्याने सांगतो. स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची घूं ऐकू येत असेल तर टीव्ही, मिक्सर आणि स्पीकर या तिघांना एकाच बोर्डातून वीज द्यावी. लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावा. चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर संच चालवला तर गुरगुर येतेच. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ती बहुधा येत नाही. घूं घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा जो ‘उपाय’ काही जण सुचवतात, तो कोणीही करू नये. माइकची धातूची जाळी ओठांना लागत असते आणि मशीनमध्ये दोष निर्माण झाला तर तो झटका जीवघेणा ठरू शकतो. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल गेली की अर्थिंग कमजोर होते. टंचाईच्या दिवसांत त्या खड्ड्यात प्यायचे पाणी ओतण्याचे कारण नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे खारट पाणी तेथे सोडावे. आमच्याकडे संच घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतली होती आणि तो खर्च मी या संचाच्या खर्चाइतकाच आवश्यक मानतो.

ट्रॅकच्या दर्जात फार तफावत असते. काही ट्रॅक वादकांनी नव्याने वाजवलेले असतात, काही केवळ संगणकावरील कृत्रिम वाद्यांवर बसवलेले असतात आणि काही मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकून बनवलेले असतात. आवाज काढण्याची जुनी युक्ती अशी की गायकाचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूंना सारखाच असतो, म्हणून एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली की तो नाहीसा होतो. पण मधोमध असलेला बास आणि ठेक्याचा बराच भागही त्याबरोबर जातो, आणि १९७० च्या दशकापूर्वीची बहुतेक गाणी मोनो (दोन्ही बाजूंना सगळा आवाज सारखाच असलेली) असल्याने तेथे ही युक्ती चालतच नाही. २०१९ मध्ये डीझर या कंपनीने स्प्लीटर नावाचे मुक्त सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. अशी साधने गायनाचा आवाज ओळखून वेगळा करतात, त्यामुळे मोनो गाण्यातूनही बऱ्यापैकी ट्रॅक निघतो. मराठी गाण्यांचे तयार ट्रॅक हिंदीच्या तुलनेत बरेच कमी मिळतात, म्हणून मराठी गाणाऱ्यांना या सोयीचा विशेष लाभ आहे. अशा ट्रॅकमध्ये व्हायोलिन कधी कधी पाण्याखालून आल्यासारखे वाटते आणि कोरसही गायकाबरोबर निघून जातो, हे गृहीत धरावे.

पट्टीचा विचार आमच्याकडचे पेटीवर गाणारे लोक सहज करतात, पण कराओकेवर येताच विसरतात. गायिकेचे गाणे काळी चारमध्ये असेल आणि आपल्याला काळी दोन सोयीची असेल तर ट्रॅक पाच अर्धस्वर (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून लागोपाठच्या पाच पट्ट्या) खाली आणावा लागतो. मोबाइलवरील अनेक साधनांत हे एका बटणावर होते. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत वाद्ये स्वाभाविक राहतात. त्याहून अधिक उतरवले की तबल्याची चाट बोथट होते आणि बासरी जाड वाटू लागते. म्हणून ओढून-ताणून पट्टी बदलण्यापेक्षा आपल्या पट्टीत तयार झालेला ट्रॅक शोधावा. मूळ पट्टीतच गाण्याचा हट्ट धरून गळा ताणणाऱ्यांचे मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांचा उत्तम आवाज त्या हट्टापायी कोणाला ऐकायलाच मिळत नाही.

शेजारधर्माविषयीही लिहिले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. लातूरमध्ये याहून एक कडक वेळापत्रक आहे, ते परीक्षांचे. ज्या शहराचे नाव ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर झाले आणि जेथे गल्लोगल्ली बाहेरगावची मुले खोल्या घेऊन अभ्यास करतात, तेथे फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत हॉलची खिडकी उघडी ठेवून गाणे मला योग्य वाटत नाही. त्या दिवसांत स्पीकर बंद ठेवून मिक्सरच्या हेडफोनच्या जागेवर हेडफोन लावून आम्ही सराव करतो. आवाज थेट कानात येत असल्याने आपले दोष अधिक स्पष्ट कळतात, आणि ट्रॉली स्पीकर घेतला असता तर ही सोय मिळाली नसती.

या संचात मला अजून दोन उणिवा जाणवतात. चौघांनी मिळून समूहगीत गायचे झाले तर माइक पुरत नाहीत, आणि मिक्सरच्या एकोमध्ये वेळ बदलण्याची सोय नसल्याने संथ अभंग आणि जलद लावणी यांना एकच एको वापरावा लागतो. चांगल्या रिव्हर्बचा मिक्सर हा पुढचा बदल असेल. माइक आणि स्पीकर आहेत तेच राहतील. त्याआधी एक स्टँड घ्यायचा आहे, कारण पेटी वाजवत गाणाऱ्याला माइक हातात धरता येत नाही. दर पंधरवड्याला जाळी फिरवून काढावी, आतला स्पंज कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि मगच बसवावा. आमच्याकडच्या धुळीत एवढी निगा राखली नाही तर वरचे स्वर हळूहळू दबतात आणि माइक जुना झाला असे उगीच वाटू लागते.